काट्यावरचा पाय

दोघांचे बोलणे चालले असताना तिसऱ्याने कान देऊ नये, असे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. मी मात्र उभ्या जन्मात त्याच कामावर पोट भरले. माझा धंदा दुरुस्तीचा. यंत्रे एकमेकांशी काय बोलतात ते आडून ऐकायचे, कोण गप्प बसले, कोण अडखळते, कोण उगाच बडबडते ते हुडकून काढायचे आणि त्याची मजुरी घ्यायची. पण आडून ऐकण्यातही एक शिस्त असते. ती मला ऐन दिवाळीच्या तोंडावर एका वजनकाट्यावर शिकावी लागली. त्या गोष्टीत माझी फारशी शोभा नाही, म्हणून इतकी वर्षे ती कोणाला सांगितली नव्हती. आज फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकांना सांगून टाकतो.

शिळफाटा म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे कल्याण-मुंब्र्याकडचा फाटा येतो. तो हा नव्हे. आमचा शिळफाटा खालापूर तालुक्यातला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, खोपोलीला लागून असलेला. मी सांगतो ती गोष्ट १९९७ सालची. द्रुतगती मार्ग पुरता खुला झाला २००२ साली; तोवर मुंबईची सारी वाहतूक आमच्या दारावरून बोरघाटात जाई आणि घाट उतरून आमच्याच दारात श्वास घेई. तापलेल्या ब्रेकचा जळका वास हा आमच्या हवेचा कायमचा भाग होता. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस ती रोज विचारी, “काही करपलंय का हो?”

समोर सह्याद्रीची भिंत, आणि तिच्या पायथ्याशी टाटांचे वीजघर. १९१५ सालापासून लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी जाड नळांतून तिथे कोसळते, चाके फिरवते आणि मग निवांतपणे पाताळगंगेला जाऊन मिळते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. अशा विजेच्या माहेरी राहून माझा सारा व्यवहार मात्र मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे एका अँपिअरच्या हजाराव्या हिश्शात चाले. गंगेच्या काठी बसून पळीने आचमन करणाऱ्यासारखा मी.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. रेडिओ, टेप, टी.व्ही. यांच्या जोडीला संगणक नावाचा नवा पाहुणा तेव्हा गोदामांतून आणि कचेऱ्यांतून येऊ लागला होता. मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन त्याच्याविषयीची दोन-चार पुस्तके आणली होती आणि पंचक्रोशीत “कॉम्प्युटरवाला” म्हणून माझे थोडे नाव होऊ लागले होते. नाव होऊ लागले की माणसाला थोडी घाई सुटते. मला ती सुटली होती.

दुकानापासून हाकेच्या अंतरावर भंगाराची एक मोठी वखार होती, आणि तिच्या दारात वजनकाटा. जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पाट, त्याच्याखाली भार ओळखणारे लोडसेल आणि बाजूला पत्र्याची खोली. गाडी पाटावर चढली की खोलीतल्या डब्यावर लाल आकडे धावू लागत, डुलत, हळूहळू स्थिरावत. ते स्थिरावले की काटेवाल्याने बटण दाबायचे. मग तो आकडा एका वायरीतून ऐंशी फुटांवरच्या कचेरीत जाई, तिथला संगणक तो टिपून घेई आणि पावती छापे.

काटेवाल्यांना सारे जण काका म्हणत. साठीला आलेले, अंगाने किरकोळ, पण आवाज असा की घाटातल्या हॉर्नने लाजावे. तो आवाज ते एकाच कामासाठी वापरत. गाडी पाटावर चढली आणि तिच्याबरोबर क्लीनर पोरगा पाटावर उभा राहिला, की खिडकीतून गर्जना येई, “ए, पाय काढ! काट्यावरनं पाय काढ आधी!”

मी एकदा हसून म्हटले, “काका, सोळा टनांची गाडी. त्यात त्या पोराचं वजन ते काय?”

“काय म्हंजे? सत्तर किलो,” काका म्हणाले. “त्याला काय भंगारात विकत घेऊ? हे बघ, वजन बघायचंय ना, तर काट्यावर पाय ठेवायचा नाही. ड्रायव्हरनं नाही, शेठनं नाही, मी पण नाही.”

त्यांची एक वही होती. संगणक आल्यावर वहीची गरज उरली नव्हती. पण डब्यावर दिसलेला प्रत्येक आकडा, गाडीच्या नंबरासह, ते पेन्सिलीने त्या वहीत उतरवीत. शेठना ते हास्यास्पद वाटे. मलाही वाटे.

श्रावणात पहिली तक्रार निघाली. पावतीवरचे वजन फुगते! सगळ्या पावत्यांत नव्हे, शंभरांत एखादी. एका गाडीची पावती होती १६६४० किलोंची, आणि काकांच्या वहीत त्याच गाडीपुढे १६२४०. चारशे किलोंचा फरक, आणि तोही भंगार विकणाऱ्याच्या फायद्याचा. वखार माल विकत घेणारी. वजन वाढले की पैसे तिच्या खिशातून जायचे. अशा पाच-सात पावत्या निघाल्यावर शेठच्या मनात जे यायचे ते आले. काटेवाला गाडी डुलत असतानाच बटण दाबतो, ड्रायव्हरांकडून काहीतरी घेतो, आणि मागाहून वहीत साळसूदपणे खरा आकडा लिहून ठेवतो, असे त्यांनी मनाशी ठरवले. तेवीस वर्षांच्या नोकरीत काकांनी ड्रायव्हरचा चहासुद्धा घेतला नव्हता. पण संशय एकदा बसला की न घेतलेला चहाही खटकू लागतो.

दसऱ्याच्या आधी शेठनी मला बोलावले. “वायरीत काही दोष आहे का बघ. नसला तर मला कळेलच काय ते.”

इथे त्या वायरीविषयी थोडे सांगायला हवे. त्या काळातल्या संगणकाच्या पाठीला नऊ टाचण्यांचे एक सॉकेट असे. त्याला सिरियल पोर्ट म्हणतात. आता नव्या संगणकांवर ते फारसे दिसत नाही, पण वजनकाट्यांवर अजून पुष्कळ ठिकाणी आहे. सिरियल म्हणजे एकामागून एक. अरुंद पायवाटेवरून वारकऱ्यांची दिंडी एकेरी चालावी तशी अक्षरे त्या वायरीतून जातात. एकेक अक्षरही सबंध जात नाही. त्याचे ठोके पडतात, शून्याचे आणि एकाचे. शून्य असेल तर वायर धन बाजूला जाते, एक असेल तर ऋण बाजूला. हे उलटे वाटते खरे, पण तार यंत्रांच्या जमान्यापासून चालत आलेली ही रीत आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० साली या बोलण्याचे नियम घातले, आर.एस. २३२ या नावाने. १९६९ साली त्यांची जी सुधारलेली आवृत्ती निघाली ती पुढे जगभर चालली. नियम असा की, ऐकणाऱ्याच्या कानाशी वायर तीन व्होल्टांहून वर असेल तर शून्य समजावे, उणे तीनच्या खाली असेल तर एक. मधला पट्टा कोणाचाच नाही.

आणखी एक कलम त्या नियमांत आहे. ऐकणाऱ्याने वायरीवर किती भार टाकावा, तेही लिहिले आहे. त्याचा रोध तीन हजार ओहमपेक्षा कमी नसावा आणि सात हजारांहून जास्त नसावा. हे कलम मी वाचले होते. वाचले होते एवढेच.

मी एक चाचणीचा डबा बनवला. कारागिरीचा मला अभिमानच वाटला. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत दोन्ही बाजूंना नऊ टाचण्यांची सॉकेटे, आणि वरच्या झाकणावर ओळीने दुरंगी टिकल्या, म्हणजे एल.ई.डी.चे दिवे. वायर धन झाली की टिकली लाल, ऋण झाली की हिरवी. निक होलोन्याक नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६२ साली पहिला लाल एल.ई.डी. पेटवला, त्याला त्या वेळी जेवढा आनंद झाला असेल त्याहून मला माझी डबी पेटल्यावर कमी झाला नाही. दिवे झगझगीत दिसावेत म्हणून प्रत्येकाला मी फक्त चारशे सत्तर ओहमचा रेझिस्टन्स लावला. उन्हातही दिसले पाहिजेत ना! आणि या दिव्यांना वेगळी बॅटरी लागत नव्हती. ते वायरीतलीच वीज पिऊन जळत होते. ही तर मला त्यातली सर्वांत मोठी युक्ती वाटली.

डबी काट्याच्या डब्यापाशीच मध्ये जोडली. दिवसभर टिकल्या लखलखत राहिल्या. वायर तुटलेली नाही, सांधा सैल नाही, निरोप जातो आहे. संध्याकाळी कचेरीत जाऊन पाहिले तर त्या एका दिवसात आठ पावत्या चुकलेल्या! श्रावणापासून मिळून जेवढ्या चुकल्या होत्या त्याहून जास्त.

शेठनी विचारले, “वायरीत दोष?”

मी म्हणालो, “वायर ठीक आहे, शेठ. दिवे बघा की.”

शेठनी दिवे पाहिले, पावत्या पाहिल्या, खिडकीकडे पाहिले. काकांवर पाळत बसवली म्हणून काका चिडले आणि त्यांनी मुद्दाम आठ पावत्या बिघडवल्या, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. मी तिथे उभा होतो. त्या अर्थाला मी दुजोरा दिला नाही, पण विरोधही केला नाही. त्याच संध्याकाळी काकांना सांगण्यात आले की उद्यापासून घरी राहा, दिवाळीनंतर काय ते बोलू. काकांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. जाताना ते माझ्याकडे वळले, आणि मला वाटले आता त्यांचा तो हॉर्न वाजणार. पण ते नुसते म्हणाले, “वही ठेवून जातो. बघायची असली तर बघ.”

ती वही मी घरी नेली. खरे म्हणजे मला ती नेऊन ठेवायचीही नव्हती. पण घरात चकलीचा सोऱ्या फिरत होता, मुले झोपली होती, आणि हाताला दुसरे काम नव्हते. चुकलेल्या पावत्या एका बाजूला मांडल्या, वहीतले आकडे दुसऱ्या. १६२४०चे १६६४०. १२३८०चे १६३८०. ९०७०चे ९४७०. मी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहीत गेलो. दोनाचा सहा झालेला. शून्याचा चार झालेला. सहाचा दोन मात्र कुठे नाही. चाराचा शून्य कुठे नाही. चूक होते ती नेहमी वरच्याच बाजूला.

लबाडीही वरच्याच बाजूला होते, हे खरे. पण लबाड माणूस दोनाचा तीन करील, पाच करील. दरवेळी सहाच का करील?

मग मी आकड्यांचे ठोके मांडले. संगणकांच्या लिपीत दोन हा आकडा ०११००१० असा लिहितात आणि सहा ०११०११०. एकाच ठोक्याचा फरक. शून्य ०११००००, चार ०११०१००. पुन्हा तोच एक ठोका. जिथे शून्य पाठवले होते तिथे कचेरीतल्या संगणकाने एक ऐकला होता. उलट कधीच झाले नव्हते. शून्य म्हणजे वायर धन बाजूला. म्हणजे वायर वर जाताना थकत होती. तीन व्होल्टांचा उंबरा तिला ओलांडवत नव्हता. वजनाच्या डब्याच्या पोटात कोणीतरी दमले होते, आणि त्या दमलेल्याच्या खांद्यावर दिवसभर मी माझे झगझगीत दिवे बसवून ठेवले होते.

बायकोने विचारले, “काय झालं? असे काय बसलात?”

“चकली झाली का?” मी म्हणालो. माणूस अशा वेळी काहीही बोलतो.

आय.टी.आय.मध्ये आमचे एक मास्तर होते. मीटर हातात घेतला की ते पहिल्याने त्याच्या तबकडीच्या कोपऱ्यातला बारीक आकडा वाचायला लावत: दर व्होल्टला किती ओहम. स्वस्त मीटर एक-दोन हजारांचे, चांगले वीस हजारांचे. “मीटर म्हणजे पाहुणा,” मास्तर सांगत. “गरिबाच्या घरी जाऊन विचारतो, तुमच्याकडे किती धान्य आहे? आणि विचारता विचारता दोन भाकऱ्या खातो.” आम्ही हसत असू. वीस वर्षांनी मी गरिबाघरी ओळीने पाच पाहुणे जेवायला बसवले होते.

सकाळी वखार उघडायच्या आत मी वजनाचा डबा खोलला. आत त्या काळी सगळीकडे असे तीच सोळा पायांची चिप होती. पाच व्होल्ट घेऊन शेजारच्या चार छोट्या कपॅसिटरांच्या मदतीने ती त्यांचे अधिक आठ-नऊ आणि उणे आठ-नऊ व्होल्ट करते. कावडीने पाणी चढवावे तसे. तिच्या दुसऱ्या पायावर मीटर टेकवला. आठाच्या जागी जेमतेम पाच. माझी डबी जोडली. काटा डुलत तिनाच्या खाली आला. काढली, पाच. जोडली, तिनाच्या खाली. हे मी चार-पाच वेळा केले, जणू सहाव्यांदा काही वेगळे निघणार होते. कपॅसिटरांपैकी एक कोरडा पडला होता. पत्र्याची खोली, उन्हाळ्यात भट्टी, पावसात हमाम. त्याचा तरी काय दोष?

ऐंशी फुटांची वायर हाही एक भार होताच. त्या नियमांत पन्नास फुटांपर्यंतचीच शिफारस आहे. आणि अक्षराबरोबर पडताळ्याचा एक जादा ठोका पाठवायची सोय असते, म्हणजे एखादा ठोका बिघडला तर ऐकणाऱ्याला कळावे. पावत्यांचा कार्यक्रम लिहिणाऱ्याने ती वापरली नव्हती. पण ही सगळी मागाहून सुचलेली कारणे. श्रावणातल्या पाच-सात पावत्या कपॅसिटरच्या. त्या आठ माझ्या.

शेठना सांगणे अवघड गेले नाही. त्यांनी आधी डोळे वटारले, मग हिशेब केला, मग म्हणाले, “म्हणजे म्हातारा खरा होता तर.” अवघड होते ते पुढचे. काकांचे घर खालापूरच्या बाजूला, रस्त्यापासून आत. मी सायकल काढली. वाटेत भाताची कापणी चालली होती. मनात वाक्ये जुळवीत गेलो आणि अंगणात पोहोचेपर्यंत सगळी विसरलो.

काकू अंगण सारवीत होत्या. काका ओसरीवर कंदिलाच्या कामट्या बांधत होते. मी सगळे सांगितले: चिप, कपॅसिटर, दिवे, दोनाचा सहा. ते कामट्या बांधतच राहिले. त्यातले त्यांना किती कळले, मला समजेना. शेवटी मी म्हणालो, “काका, चूक बघायला म्हणून मी दिवे लावले, आणि त्या दिव्यांनीच चूक वाढवली.”

मग त्यांनी मान वर केली. “म्हंजे,” ते म्हणाले, “काट्यावर पाय ठेवून वजन बघत होतास?”

“हो.”

“आणि मला घरी बसवलंस.”

“हो, काका.”

काकू आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. काकांनी कपाकडे बोट केले. “घे. मी ड्रायव्हरचा घेत नाही. तू माझा घ्यायला हरकत नाही.”

दोन दिवसांनी ते काट्यावर परत आले. चारही कपॅसिटर मी नवे घातले. वायरीवर पुन्हा खणखणीत आठ व्होल्ट आले. इथे खरे तर गोष्ट संपायला हवी होती. पण काका म्हणाले, “दिवा पायजेल. उद्या परत काय झालं तर मला हितं बसून दिसलं पायजे. पण भार नको.”

भार नको! हे म्हणायला सोपे आहे. मी लॅमिंग्टन रोडला गेलो. या वेळी दिव्याला वीज वायरीतून द्यायची नाही, त्याचे जेवण त्याने घरून आणायचे, हे ठरवले होते. वायरीने फक्त खूण करायची. वायरीला एक लाख ओहमचा रेझिस्टन्स, त्याच्यामागे बी.सी. ५४७ हा सगळ्या दुकानांत मिळणारा ट्रान्झिस्टर; वायरीतून थेंबभर घ्यायचे आणि त्या इशाऱ्यावर वेगळ्या पाच व्होल्टांतून दिवा पेटवायचा. या ट्रान्झिस्टरला उलट्या दिशेचे पाच-सहा व्होल्टच सोसतात आणि आमची वायर तर उणे आठवर जाणारी. म्हणून त्याच्या पायाशी एक उलटा डायोडही बसवला. त्याआधी एक ट्रान्झिस्टर मी आजारी पाडला होता, ते जाऊ द्या.

दिवा लागला, पण दिसेना. आमची वायर सेकंदाला चोवीसशे ठोके टाकणारी. सबंध अक्षर सेकंदाच्या दोनशे चाळिसाव्या हिश्शात संपते; तेवढ्यात दिवा लागून विझतो आणि डोळ्याला त्याची धूसर पुसट झाक दिसते. तेव्हा मध्ये ५५५ ही चिप घातली. १९७२ साली बाजारात आलेली ही नखाएवढी वस्तू फार गुणी आहे. क्षणाची खूण मिळाली की ती दिवा सेकंदाचा दहावा भाग धरून ठेवते. उंबऱ्यावर टकटक झाली की “आले, आले” म्हणून ओरडत येणाऱ्या आजीसारखी.

मोठ्या डौलाने ती डबी मी काकांपुढे ठेवली.

“किती खातो हा?” त्यांनी विचारले.

“काहीच नाही, काका. नगण्य.”

“नगण्य म्हंजे किती? आकडा सांग.”

मी पाठीमागच्या पावतीवर हिशेब केला. कचेरीतला संगणक ऐकताना घेतो एक पूर्णांक सहा दशांश मिलिअँपिअर. माझा दिवा घेतो सात शतांश. शेकडा साडेचार.

काकांनी डोळे मिटले. तोंडी हिशेबात ते आमच्या कोणाहूनही पुढे. “सोळा टनांत शेकडा साडेचार,” ते म्हणाले, “सातशे वीस किलो. दहा क्लीनर चढवलेस की रे काट्यावर!”

आता यावर काय बोलणार? आठ व्होल्टांच्या ताज्या वायरीला शेकडा साडेचारने काही होत नव्हते, हे शास्त्र मला ठाऊक होते. पण पंधरा दिवसांपूर्वी मला शास्त्र असेच ठाऊक होते. डबी परत नेली.

ट्रान्झिस्टर काढून त्या जागी सी.डी. ४०१०६ नावाची चिप घातली. हिच्या कानाला वीज जवळजवळ लागतच नाही. वाऱ्यावर बोलणे ऐकणाऱ्या हरणासारखी ती. म्हणून थेट एक कोटी ओहमचा रेझिस्टन्स लावला. आता भार निघाला सोळा टनांत सात किलो, आणि आमचा काटा दहा किलोंच्या टप्प्याने मोजणारा. म्हणजे काकांच्या काट्यालाही कळू नये इतका! मी खूश. पण तो दिवा वेडा निघाला. वायर जोडलेली नसतानाही लुकलुकायचा. डबीजवळ बोट नेले की लागायचा, ट्यूबलाइट लावली की थरथरायचा. पहाटे दव पडल्यावर पट्टीवर जो ओलावा धरे त्यातूनच त्याला कोटी ओहमपेक्षा सोपी वाट मिळे. वायरीचे बोलणे सोडून तो साऱ्या शिळफाट्याचे ऐकू लागला. कान इतका हलका ठेवूनही चालत नाही. आमच्या ओळखीत तशी दोन-तीन माणसे आहेत.

अखेर उतरत उतरत दहा लाख ओहमांवर आलो. पट्टीवर व्हार्निशचा हात दिला, वायरीचा डबीतला तुकडा आखूड केला, झाकणाच्या आतून पत्रा लावून तो जमिनीशी जोडला. दिवा शहाणा झाला. बटण दाबले की लाल डोळा एकदा मिचके, एरवी गप्प.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तो काट्याच्या खोलीत बसवला. काकांनी खिडकीत कंदील टांगला होता, तोच, कामट्यांचा. गाडी आली. आकडे धावले, डुलले, थांबले. काकांनी बटण दाबले, डोळा मिचकला. कचेरीतून पोऱ्या पावती घेऊन पळत आला. वही आणि पावती जुळली.

“ह्याचा आकडा?” काकांनी डबीकडे हनुवटी केली.

“सोळा टनांत सत्तरेक किलो, काका. ह्याहून खाली उतरवला तर तो भलतंच ऐकतो.”

काकांनी बराच वेळ विचार केला. बाहेर पाटावरून गाडी उतरली, दुसरी चढू लागली. त्यांनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि गाड्यांच्या नंबरांच्या ओळीत, तारखेखाली, सावकाश लिहिले: “आजपासून दिवा लावला आहे. वर एक क्लीनर.”

मग वही मिटून ते खिडकीतून ओरडले, कारण दुसऱ्या गाडीबरोबर खरोखरच एक पोरगा पाटावर चढला होता.